हौसेची गाडी अन् वाढीव वॉरंटी : आधी कागद, मग पैसे



आज राजकारण बाजूला ठेवू. आज गाडीवर लिहितो. आपल्या सिरसाळ्यात दुचाकी नाही असं घर आता शोधावं लागतं. कुणी हौसेनं बुलेट घेतो, कुणी पंढरपूर-तुळजापूरला घरच्यांना घेऊन जायला चारचाकी घेतो, कुणी पोटापाण्यासाठी पिकअप घेतो. गाडी कुठलीही असो, कोटेशनच्या कागदावर खालच्या बाजूला एक ओळ हमखास असते. एक्स-शोरूम किंमत, आरटीओ, विमा, ॲक्सेसरीज आणि मग ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’. म्हणजे वाढीव वॉरंटी.

शोरूममधला पोरगा म्हणतो, “दादा, पाच वर्षं टेन्शनच नाही. काहीबी झालं तरी कंपनी बघती.” आपण पेढ्याचा पुडा घेऊन गेलेलो असतो, सोबत घरचे असतात, मुहूर्ताची घाई असते. तिथं दोन-चार हजारांसाठी कोण घासाघीस करणार? आपण मान हलवतो आणि सही करतो. खरी गोष्ट तीन वर्षांनी कळते. गाडी बंद पडते, आपण ती टेम्पोत घालून शहरात नेतो आणि काउंटरवरचा माणूस सांगतो, “हे वॉरंटीत बसत नाही.”

हे वाक्य ऐकलेले लोक आपल्या गावात किती आहेत ते चौकात विचारून बघा. म्हणून आज जरा खोलात लिहितो.

पहिली गोष्ट. वॉरंटी आणि वाढीव वॉरंटी हे दोन वेगळे करार आहेत. गाडीसोबत जी वॉरंटी येते ती गाडीच्या किमतीतच धरलेली असते. वाढीव वॉरंटी ही वेगळे पैसे देऊन घेतलेली सेवा आहे. तिच्या अटी वेगळ्या, यादी वेगळी आणि कधीकधी ती देणारी कंपनीसुद्धा वेगळी. पहिल्या वॉरंटीत जे बसत होतं ते दुसरीत बसेलच असं नाही.

दुसरी गोष्ट. वॉरंटी म्हणजे विमा नाही. गाडी ठोकली, पुराच्या पाण्यात गेली, चोरी झाली तर तो विम्याचा विषय. वॉरंटी फक्त बनावटीतल्या दोषापुरती. क्लच प्लेट, ब्रेक शू, टायर, बल्ब, रबरी भाग ही झिजणारी वस्तू म्हणून सहसा बाहेरच ठेवलेली असतात. उंदरानं वायरिंग कुरतडलं तर तो बनावटीचा दोष नव्हे. ज्याच्या गाडीशेजारी सोयाबीनची पोती ठेवलेली असतात त्याला हे आधीच माहीत असलेलं बरं.

तिसरी गोष्ट म्हणजे चार शब्द : ‘जे आधी संपेल ते’. तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी संपेल ते. पिकअपवाल्याचं गणित करा. रोज २०० किलोमीटर म्हणजे महिन्याला ६ हजार. एक लाख किलोमीटर सतरा महिन्यांत संपतात. कागदावर तीन वर्षं लिहिलेली असली तरी त्याची वॉरंटी दीड वर्षाच्या आतच गेली. हौसेच्या गाडीचं उलटं होतं. ती सणावाराला निघते, वर्षात पाच हजार किलोमीटरही होत नाही. तिचे किलोमीटर शिल्लक राहतात आणि वर्षं संपून जातात. म्हणजे जास्त फिरवणाराला वर्षं मिळत नाहीत आणि कमी फिरवणाराला किलोमीटर मिळत नाहीत.

चौथी गोष्ट कर्जाची. बरेचदा ही रक्कम फायनान्समध्येच घातली जाते, म्हणून खिशाला लगेच कळत नाही. समजा वाढीव वॉरंटीचे १५ हजार पाच वर्षांच्या कर्जात १० टक्के व्याजानं गेले. हप्त्यांतून साधारण १९ हजार १०० रुपये जातात. वरचे चार हजार कशाचे? ज्या सेवेचा उपयोग मूळ वॉरंटी संपल्यावर, म्हणजे दोन-तीन वर्षांनी सुरू होणार, तिचं व्याज पहिल्या महिन्यापासून.

आता आपल्या भागाची खरी अडचण सांगतो. जवळपास प्रत्येक वाढीव वॉरंटीत एक अट असते : सगळ्या सर्व्हिसिंग वेळेत आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच झाल्या पाहिजेत. पुण्या-मुंबईच्या माणसाला ही अट वाटतच नाही. सिरसाळ्याच्या माणसाला परळी, अंबाजोगाई, बीड नाहीतर लातूर गाठावं लागतं. एक दिवसाची मजुरी बुडवायची, नंबर लावायचा, संध्याकाळी “उद्या या” ऐकायचं. त्यापेक्षा गावातला मिस्त्री बरा, असं म्हणून माणूस एक सर्व्हिस चुकवतो. आणि तिथंच वॉरंटी तुटते.

त्यात आपला जिल्हा ऊसतोडीचा. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात त्या पाच-सहा महिने कोल्हापूर, सांगली, सोलापूर, कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेला माणूस सर्व्हिसची तारीख आली म्हणून फड सोडून परत येणार आहे का? गाडी घरी उभी असते, तारीख निघून जाते. शोरूममध्ये पैसे घेताना कुणी विचारत नाही, “भाऊ, तुम्ही सहा महिने गावात असता का?” जिथं हजारो घरं दरसाल स्थलांतर करतात तिथं ही अट जशीच्या तशी लावून पैसे घेणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

वाढीव वॉरंटी म्हणजे सरसकट लूट, असं मी म्हणणार नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि साध्या दुचाकीतसुद्धा फ्युएल इंजेक्शन, सेन्सर, ईसीयू आले. आपला मिस्त्री कार्बोरेटर डोळे झाकून खोलायचा, पण ईसीयू गेला तर त्याच्या हातात काही नाही आणि नवा भाग महाग. चारचाकीचा गिअरबॉक्स किंवा इंजेक्टर गेला तर बिल पाहून घाम फुटतो. ज्याच्या घराजवळ सर्व्हिस सेंटर आहे आणि जो वेळेवर जातो, त्याला हा कागद कामाला येऊ शकतो. प्रश्न एवढाच की आपण नेमकं काय विकत घेतोय ते आपल्याला विकत घेण्याआधी कळतं का?

विजेच्या गाड्यांनी हा प्रश्न आणखी मोठा केला, कारण तिथं सगळा जीव बॅटरीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओला इलेक्ट्रिकनं बॅटरीला ८ वर्षं किंवा ८० हजार किलोमीटर वॉरंटी जाहीर केली. वर ४,९९९ रुपये भरले तर १ लाख किलोमीटर आणि १२,४९९ भरले तर सव्वा लाख किलोमीटर. आकडे ऐकायला चांगले. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं याच कंपनीला नोटीस काढली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या एका वर्षात तिच्याविरुद्ध १०,६४४ तक्रारी आल्या होत्या, आणि त्यात सगळ्यात मोठा गठ्ठा सर्व्हिसला लागणाऱ्या उशिराचा होता. ९९ टक्क्यांहून जास्त तक्रारी सोडवल्या, असं कंपनीनं कळवलं. तेही इथं लिहितो, कारण दोन्ही बाजू सांगायला पाहिजेत. पण धडा साफ आहे. वॉरंटी आठ वर्षांची असो की अठरा, गाडी महिनाभर सर्व्हिस सेंटरच्या आवारात उभी राहिली तर मालकाला त्या आकड्याचा उपयोग काय?

त्याच काळात, सप्टेंबर २०२४ मध्ये, लातूरच्या पलीकडं कलबुर्गीत वैतागलेल्या एका तरुण ग्राहकानं स्कूटरचं शोरूमच पेटवून दिलं. त्याला अटक झाली. सोशल मीडियावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळी वाजवता आली नाही. गाडीचं गाऱ्हाणं बाजूला पडलं आणि गुन्हेगार तो ठरला. राग खरा असला तरी तो कागदावर आणावा लागतो.

आणि कागदावर आणला तर कायदा आपल्या बाजूनं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यातल्या कामाच्या गोष्टी सांगतो, लिहून ठेवा.

शोरूम लातूरला असो की पुण्याला, आपण जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे आपल्यासाठी बीड. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, ५ ते १० लाख असेल तर २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार ऑनलाइनही करता येते. मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची.

पिकअप किंवा प्रवासी गाडी चालवणाऱ्यांना सांगतात, “तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही.” हे अर्धसत्य आहे. स्वतः राबून फक्त पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर कायदा त्या माणसाला ग्राहकच मानतो.

गावातल्या मिस्त्रीकडं हात लावला म्हणून सगळी वॉरंटी रद्द, यावरही बोललं गेलं आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड लावताना सांगितलं, की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. कंपन्या अपिलात गेल्या, दंडावर वाद चालला. पण ते तत्त्व मला न्यायाचं वाटतं. ऑइल मिस्त्रीनं बदललं म्हणून हेडलाइटचं स्विच वॉरंटीबाहेर कसं जातं?

हे दुखणं फक्त आपलंच नाही. अमेरिकेत लोक झोपायची जागा, शेगडी, संडास असलेल्या घरासारख्या गाड्या घेऊन महिनोन् महिने फिरतात. अशा गाडीत इंजिनासोबत फ्रीज आणि पाण्याचा पंपही बिघडतो, त्यामुळं तिथं वाढीव वॉरंटीचा धंदा मोठा. तिथला ग्राहकहिताचा सरकारी आयोग स्पष्ट सांगतो, की ही कायद्याच्या अर्थानं वॉरंटीच नव्हे, हा सेवेचा करार आहे. जुलै २०२४ मध्ये कारशील्ड नावाच्या कंपनीनं त्याच आयोगाशी १ कोटी डॉलर भरून तडजोड केली. आरोप काय होता? जाहिरातीत सगळी दुरुस्ती धरलेली, कागदात नाही. भाषा इंग्रजी, पण आपल्या शोरूममधल्या “काहीबी झालं तरी” चाच हा मोठा भाऊ.

मग करायचं काय? पैसे देण्याआधी शोरूममध्ये पाच प्रश्न विचारा, आणि उत्तर तोंडी नको, कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

१. ही वॉरंटी गाडीच्या कंपनीची की दुसऱ्या कुणाची?
२. यात काय बसत नाही त्याची यादी दाखवा.
३. कोणत्या तारखेला सुरू, कोणत्या तारखेला किंवा किती किलोमीटरला बंद?
४. एक सर्व्हिस उशिरा झाली तर काय? कोल्हापूरला किंवा बेळगावला केली तर चालते का?
५. ही रक्कम कर्जात घातली का? नको असेल तर काढून टाका.

यादी दाखवली नाही तर समजून जा. घेतलीच तर बिल, सर्व्हिस बुक आणि प्रत्येक जॉबकार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नकार दिला तर “लेखी द्या” म्हणा. तरी भागलं नाही तर १९१५ वर फोन करा. हेल्पलाइन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

शेवटी दोन मागण्या. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष कायद्यानं जिल्हाधिकारी असतात. बीडच्या परिषदेनं जिल्ह्यातल्या वाहन विक्रेत्यांना बसवून सांगावं, की वाढीव वॉरंटीच्या अटी, निदान न बसणाऱ्या भागांची यादी, मराठीत आणि सही घेण्याआधी द्या. दुसरी मागणी कंपन्यांना : ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला सर्व्हिसच्या तारखेत हंगामापुरती सवलत द्या. मजुराकडून पैसे घेताना तुम्हाला त्याचा पत्ता चालतो, मग त्याचा हंगामही मान्य करा.

२४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. यंदा हार-तुरे आणि भाषणं जरा कमी करून तहसीलमध्ये एक टेबल टाका आणि लोकांच्या वॉरंटीचे कागद वाचून दाखवा. एवढं केलं तरी पुष्कळ होईल.

तुमच्या गाडीचा अनुभव खाली लिहा, चांगला असेल तर तोही लिहा. कागदाचा फोटो टाकणार असाल तर नाव आणि नंबर झाका. आणि ज्याच्या घरात यंदा गाडी येणार आहे त्याला हे मुहूर्ताच्या आधी पाठवा, नंतर नको.