मानधन हा शब्द आता पुरे

मराठी नियतकालिकांच्या व्यवहारात एक शब्द मोठ्या डौलाने वावरत आला आहे. तो शब्द म्हणजे मानधन. कागदवाल्याला मालाची किंमत मिळते, छापखान्याचे बिल होते, बांधणीवाल्याला मजुरी मिळते, विक्रेत्याला कमिशन मिळते आणि गठ्ठे वाहणाऱ्या हमालाला हमाली मिळते. लेखकाला मात्र मानधन मिळते, म्हणजे मिळाले तर मिळते. मोबदल्याच्या या साऱ्या शब्दांत फक्त याच शब्दाला ठरलेला दर नाही, मुदत नाही आणि मागण्याचा हक्क नाही. मजुरी थकली तर तगादा लावता येतो. मान थकला म्हणून तगादा लावणारा हास्यास्पद ठरतो. लेखकाच्या श्रमाचे मोल ठरवण्याची जबाबदारी टाळण्यासाठी हा शब्द वापरला जातो आणि म्हणून तो आता निवृत्त करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही म्हणजे अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात राहणारे, कोणत्याही कार्यालयाच्या हजेरीपटावर नाव नसलेले मुक्त लेखक. आमच्या कामाचे स्वरूप वाचकांना क्वचितच ठाऊक असते. नाव सांताक्रूझचे पण जागा अंधेरीची, अशा १९७३ साली सुरू झालेल्या ‘सीप्झ’मधील दागिने घडवणाऱ्या कारागिरांवर एका मासिकाला लेख हवा असतो. त्याच आठवड्यात एखाद्या गृहनिर्माण संस्थेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका संपादित करायची असते. एखाद्या बांधकाम व्यावसायिकाचे ‘आत्मचरित्र’ लिहायचे असते. अर्थात त्यावर नाव त्याचेच. औषधाच्या माहितीपत्रकाचे भाषांतर असते, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणारी माणसे आणि बिबटे यांच्यावर पुरवणीसाठी मजकूर असतो आणि दिवाळी अंकासाठी एक विनोदी कथा असतेच. सहा कामे, सहा प्रकारची भाषा, आणि प्रत्येक संपादकाची समजूत अशी की, आम्ही केवळ त्याच्याच अंकासाठी बसून आहोत.

या प्रत्येक कामात लिहिण्यापेक्षा फिरणे, भेटणे, वाट पाहणे आणि पडताळणे यांना अधिक वेळ लागतो. घाटकोपर ते वर्सोवा ही मुंबईतील पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली आणि पूर्व-पश्चिम उपनगरांतला आमचा हेलपाटा सुसह्य झाला, हे कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु एका कारागिराची नीट मुलाखत मिळण्यासाठी तीन खेपा घालाव्या लागतात. त्या तीन खेपांचे भाडे आणि तीन दिवस कोणाच्या हिशेबात धरायचे? मानधनाच्या हिशेबात त्यांना जागाच नाही. तेथे फक्त छापलेली पाने मोजली जातात.

हे असे का झाले, याचे उत्तर आपल्या वाङ्मयीन इतिहासात आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि एक देखणी परंपरा सुरू झाली. पण या परंपरेतील बहुसंख्य लेखकांची चूल लेखणीवर पेटत नव्हती. मर्ढेकर आकाशवाणीत होते, गंगाधर गाडगीळ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवीत, जयवंत दळवी अमेरिकन माहिती खात्यात नोकरी करीत, रत्नाकर मतकरींनी अनेक वर्षे बँकेत काढली. म्हणजेच मराठी नियतकालिकांना खरे अनुदान दिले ते बँकांनी, महाविद्यालयांनी आणि सरकारी खात्यांनी. पगार तिकडून येत असल्याने इकडचे मानधन हे कौतुकाचे चिन्ह मानले गेले आणि ते त्या काळी चाललेही. आज निवृत्तिवेतनासह मिळणाऱ्या तशा नोकऱ्या विरळ झाल्या आहेत. केवळ लेखणीवर घर चालवणाऱ्यांचा एक वर्ग उभा राहिला आहे, आणि त्याच्या पुढ्यात मात्र अजून तेच कौतुकाचे पाकीट सरकवले जाते.

कायदा आमच्या पाठीशी आहे काय? अर्धाच. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली कायदा झाला. त्याच्या व्याख्येत लेख लिहिणारा पत्रकारही होता. परंतु तो वृत्तपत्राच्या नोकरीत असला पाहिजे, ही अट होती. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. आमच्या दारावरून ती वरात तशीच पुढे गेली. २०२० च्या कामगार संहितेने पत्रकाराच्या व्याख्येत डिजिटल माध्यमे आणली, पण नोकरीची अट तशीच ठेवली. मुलुंडच्या एखाद्या गाळ्यात सुटे भाग बनवणारा नोंदणीकृत छोटा उद्योजक २००६ च्या कायद्याचा आधार घेऊन सांगू शकतो की, माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत माझे पैसे आले पाहिजेत, नाहीतर व्याज द्या. आम्हांला मात्र ‘अंक निघू द्या’, मग ‘जाहिरातीचे पैसे येऊ द्या’, आणि शेवटी ‘पुढच्या अंकाच्या वेळी पाहू’ असे तीन ऋतू दाखवले जातात.

जेथे कायदा पूर्णपणे आमचा आहे, तेथेही आम्ही तो वापरत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक लेखकच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. कोणता हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशापुरता, हे त्यात नमूद करावे लागते. काळ लिहिला नसेल तर तो ५ वर्षे धरला जातो. असे असता, एकदा अंकात छापलेला लेख संकेतस्थळावर चढतो, पुढे एखाद्या निवडक संग्रहात जातो, आणि लेखकाला ते वाचकाकडून कळते. अलीकडे तर छापील पत्र येते : सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे. आणि त्या ‘कायमचे’च्या बदल्यात काय, तर पुन्हा मानधन!

मानधन या शब्दाचा जाच केवळ लेखकांना नाही. १९७५ साली सुरू झालेल्या बालविकास योजनेतील अंगणवाडी सेविकांना सरकार वेतन देत नाही, मानधन देते. कुपोषित मुले तोलायची, नोंदी ठेवायच्या, घरोघर जायचे. पण कामगार म्हणवून घ्यायचे नाही. अखेर २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आणि त्या कायद्यापुरते हे मानधनही वेतनाच्या व्याख्येत येते, असे सांगितले. न्यायालयाने शब्दाआडचे श्रम पाहिले. संपादक आणि प्रकाशक यांनीही ते पाहावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.

यावर एक उत्तर ठरलेले आहे : मराठी मासिके तोट्यात चालतात, संपादक पदरमोड करतो. अनेकांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे आणि अशा माणसांविषयी आम्हांला आदर आहे. पण त्याच तोट्यातून छापखान्याचे बिल चुकते होते. तोटा दाखवला जातो तो फक्त लेखकाला. एखाद्या निष्ठावान नियतकालिकासाठी आम्ही विनामूल्य लिहिले आहे आणि पुढेही लिहू. परंतु दान किती द्यावे, हे दात्याने ठरवायचे असते. घेणाऱ्याने ते परस्पर कापून घेतले तर त्याला दान म्हणत नाहीत. ‘तुम्ही तर कबूल केले होते’ हा युक्तिवादही टिकणारा नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’मध्ये तो निकालात काढला आहे. गरजेपोटी पत्करलेल्या अटी केवळ पत्करल्या म्हणून न्याय्य ठरत नाहीत, हा त्याचा आशय आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

यात वाचकांचे काय जाते? पुष्कळ जाते. तीन खेपांचे पैसे मिळणार नसतील तर लेखक एकही खेप घालणार नाही. तो घरी बसून लिहिता येईल तेच लिहील : आठवणी, व्यक्तिचित्रे, चित्रपटांतले किस्से. लालबहादूर शास्त्री मार्गावरील कारखाने जाऊन तेथे मनोरे उभे राहिले, त्या कारखान्यांतील कामगारांचे पुढे काय झाले, हे कोणीतरी दारोदार जाऊन विचारले पाहिजे. ते महागडे लेखन आहे. त्याचा खर्च कोणी उचलणार नसेल, तर ते लिहिले जाणार नाही, आणि मग मराठी माणसाला स्वतःच्या उपनगराचीच हकिगत मराठीत वाचायला मिळणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. काम सांगतानाच दर सांगावा. पैसे देण्याची तारीख लेख स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजावी, अंक निघाल्यापासून नव्हे. प्रवासखर्च वेगळा द्यावा. पुन्हा छापायचे तर पुन्हा विचारावे. देणे शक्य नसेल तर तसे आधी सांगावे. आमच्यातले पुष्कळजण तरीही हो म्हणतील. ज्या लेखकांना निवृत्तिवेतन आहे त्यांनीही दर विचारावा आणि हवे तर पैसे घेऊन परत करावेत. त्यांच्या संकोचामुळे इतरांचा दर पडतो. आणि हिशेबाच्या वहीतील ‘मानधन’ हे सदर खोडून तेथे ‘लेखनाची मजुरी’ असे लिहावे. मजुरी म्हणवून घेण्यात आम्हांला मुळीच कमीपणा वाटत नाही.