परत येणारा बाण

गेल्या दिवाळीत आमच्या चिरंजिवांनी बाटलीतून सोडलेला बाण वाटेत तिरका झाला आणि समोरच्या काकूंच्या गच्चीत वाळत असलेल्या लुगड्याला भोक पाडून विझला. काकू जे बोलल्या ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही. मी मात्र संधी साधून चिरंजिवांना ऐकवले, की सुटलेला बाण आणि तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही.

यंदा त्याने त्याची सव्याज परतफेड केली. "बाबा, आपल्या नागपूरला केलेला बाण परत येतो!"

चौकशी केली, तर पोरगा खरे बोलत होता. 'नागास्त्र-१' हे त्या बाणाचे नाव. नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजच्या 'इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज' या कंपनीने, बंगळूरच्या 'झेड-मोशन'च्या साहाय्याने, तो तयार केला. लष्कराने ४८० मागवले आणि पहिले १२० जून २०२४ मध्ये लष्कराच्या हाती पडले. दिसायला चिमुकले विमान. वजन सुमारे ९ किलो, म्हणजे शिपायाने पाठीवर घेऊन डोंगर चढावा इतपत. विजेवर चालते, त्यामुळे घरघर फारशी नाही. पोटात किलोभर स्फोटक, डोळ्याच्या जागी कॅमेरा. वर गेले की अर्धा तास घारीसारखे घिरट्या घालते, लक्ष्य सापडले की त्यावर झेप घेते आणि स्वतःसकट ते संपवते. नाही सापडले, किंवा बेत फिरला, तर हवाई छत्री उघडून अलगद खाली उतरते. पुन्हा वापरायला तयार!

आईने जपमाळ खाली ठेवली. "नाव चुकलं रे. कर्णाचं नागास्त्र कुठे परत आलं? आला तो अर्जुनाचा मुकुट घेऊन गेला. मागं घेण्याची विद्या अर्जुनाची, ब्रह्मास्त्राची. अश्वत्थाम्याला सोडता येत होतं, आवरता येत नव्हतं. म्हणून तर ते उत्तरेच्या गर्भावर पडलं."

एवढ्या लांबचे आमच्या ध्यानात आले नव्हते. आवरण्याची विद्या यंत्रात आहे खरी; पण कॅमेऱ्यात मोटार दिसते, मोटारीशेजारी एखादे पोर खेळताना दिसते, तेव्हा 'थांब' म्हणायचे कोणी? १५ किलोमीटरपर्यंत माणूस ते चालवतो. ३० किलोमीटरपर्यंतही ते जाते, पण तिथे त्याचे ते पाहून घेते. मला आपले ते पहिले १५ बरे वाटतात.

आणि नागपूरचे नाव निघालेच आहे, तर एक गोष्ट सांगायलाच हवी. याच उद्योगाच्या बाजारगावजवळच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ रोजी स्फोट झाला. ९ कामगार दगावले, त्यांत ६ स्त्रिया होत्या. सकाळी डबा घेऊन निघालेली माणसे ती. सीमेवरच्या शिपायाचा जीव वाचावा म्हणून आपण शस्त्रे घरी करू लागलो, ते योग्यच झाले. पण दारू भरणाऱ्या हातांचा हिशेब त्या वर्तमानपत्री मथळ्यांत सहसा येत नाही.

चिरंजीव तोवर बाटली काकूंच्या गच्चीकडे पाठ करून मांडत होते. आईने वाती वळता वळता विचारले, "तो अर्धा तास बघत बसणारा मुलगा, किती वर्षांचा असतो रे?"

"असेल वीस-बावीसचा."

"मग त्याच्याशेजारी कुणी मोठं माणूस बसतं ना?"