पिस्तुलाचा परवाना आणि आडनावाची चाळणी

अमेरिकेत बंदुकीवरून वाद पेटला की एक दावा हमखास ऐकू येतो : परवानाधारक माणसे गुन्हे करत नाहीत. हा परवाना कशाचा, ते आधी सांगायला हवे. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक घरात ठेवायलाही परवाना लागतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत बंदूक दुकानातून जुजबी चौकशीनंतर विकत मिळते. तिथला वादाचा परवाना आहे तो भरलेले पिस्तूल कपड्याखाली लपवून रस्त्यावर, बाजारात, हॉटेलात वावरण्याचा.

दावा खोटा नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. टेक्सासचे सार्वजनिक सुरक्षा खाते वर्षानुवर्षे एक तक्ता प्रसिद्ध करत आले आहे. राज्यात ठरावीक गुन्ह्यांखाली किती जण दोषी ठरले आणि त्यांत परवानाधारक किती, एवढेच त्यात असते. 2020 च्या सुमारास टेक्सासमध्ये असे परवानाधारक 16 लाखांच्या आसपास होते. दोषी ठरलेल्यांत त्यांचा वाटा एक टक्काही भरत नव्हता. लोकसंख्येतले त्यांचे प्रमाण पाहिले तर हा आकडा फारच कमी आहे.

आता हीच माणसे इतकी सरळ का, हा प्रश्न मात्र कोणी सहसा विचारत नाही. टेक्सासचा परवाना मिळवायला काय लागत होते ते पाहा. सर्वसाधारणपणे वय 21 पूर्ण हवे. बोटांचे ठसे द्यायचे. गंभीर गुन्हा नावावर नको, गेल्या पाच वर्षांत मध्यम स्वरूपाचाही नको. वर्गात बसून कायदा शिकायचा, मग मैदानावर 50 गोळ्या झाडून नेम दाखवायचा. शिवाय घटस्फोटानंतर मुलांच्या पोटगीची रक्कम थकलेली नको. हे शेवटचे कलम मला फार आवडते. जो पोराच्या दुधाचे पैसे बुडवतो त्याच्या कमरेला पिस्तूल कशाला, असा साधा गावठी शहाणपणा त्यात आहे. एवढ्या चाळणीतून, फी भरून, सुटीचा दिवस मोडून जो माणूस खाली उतरतो तो सरासरीपेक्षा सरळ असणारच. तक्त्यातले श्रेय माणसांइतकेच चाळणीचेही आहे.

आणि गंमत अशी, की याच तक्त्याच्या जोरावर चाळणी मोडीत काढली गेली. परवानाधारक इतके सज्जन आहेत तर परवान्याची कटकट हवीच कशाला, हा युक्तिवाद राज्याराज्यांच्या विधिमंडळांत गाजला. टेक्सासने 1 सप्टेंबर 2021 पासून परवान्याविना पिस्तूल बाळगायला मोकळीक दिली, फ्लोरिडाने 1 जुलै 2023 पासून. आज निम्म्याहून अधिक राज्यांत हीच स्थिती आहे. गाळलेले पाणी पिऊन कोणी आजारी पडत नाही, म्हणून गाळणेच फेकून देण्यासारखे हे झाले. शिवाय तक्ता फक्त दोषसिद्धी मोजतो. त्याच पिस्तुलाने केलेली आत्महत्या त्यात येत नाही. गाडीच्या डिकीतून चोरीला गेलेले परवानाधारकाचे पिस्तूल पुढे कोणाच्या हाती पडले, तेही येत नाही.

मला या तक्त्यात रस असण्याचे आणखी एक कारण आहे. ‘आमच्यातले नव्व्याण्णव टक्के लोक कायदा पाळतात’ हे वाक्य आपण मुसलमान गेली कित्येक वर्षे बोलत आलो आहोत. ते खरे असूनही ऐकणाऱ्याच्या गळी उतरत नाही, हाही आपला अनुभव आहे. समूहाची सरासरी सांगून एका माणसाबद्दलचा संशय फिटत नाही. तसेच, समूहाची सरासरी चांगली म्हणून एखाद्याला तपासायचेच नाही, हेही चालत नाही. बंदुकीच्या परवान्यात या दोन्ही गोष्टी उघड्यावर दिसतात.

चाळणी कोणाच्या हातात आहे, हा पहिला मुद्दा. 30 जानेवारी 1956 रोजी अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. घरात पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्यानंतर किंग यांनी लपवून पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. जीवाला धोका असल्याचा याहून धडधडीत पुरावा कोणता असेल? अर्ज फेटाळला गेला. कायद्याने परवाना कोण्या ‘योग्य’ माणसाला द्यायचा ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडले होते, आणि तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या लेखी काळा माणूस योग्य नव्हता. पुढे नोबेल मिळवणारा, अहिंसेचा जप करणारा हा धर्मोपदेशक त्या चाळणीत नापास झाला.

न्यूयॉर्कचा 1911 चा सलिव्हन कायदाही याच घराण्यातला. सुरुवातीच्या काळात त्याचा रोख इटालियन स्थलांतरितांवर होता, असे इतिहासकार सांगतात. ‘सबळ कारण’ दाखवल्याशिवाय परवाना नाही, आणि कारण सबळ की दुर्बळ ते अधिकारी ठरवणार. 23 जून 2022 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात ही अट सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली. पुरोगामी मंडळी या निकालावर चिडली, आणि त्यांच्या चिडण्याला कारणे आहेत. पण याच खटल्यात गरिबांचे खटले लढवणाऱ्या न्यूयॉर्कच्या सरकारी बचाव वकिलांनी जुन्या कायद्याविरुद्ध न्यायालयात निवेदन दिले होते, हे फारसे सांगितले जात नाही. विनापरवाना पिस्तूल बाळगल्याबद्दल तुरुंगात जाणारे आमचे जवळपास सगळे अशील काळे किंवा हिस्पॅनिक आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे 1878 च्या शस्त्र कायद्यात इंग्रजांनी हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना सूट दिली होती, याची इथे आठवण होते.

अमेरिकी मुसलमानांच्या वाट्याला ही चाळणी यादीच्या रूपाने आली. डिसेंबर 2015 मध्ये सॅन बर्नार्डिनो इथे एका मुस्लिम जोडप्याने 14 जणांना मारले. त्यानंतर मागणी पुढे आली, की ज्यांची नावे विमानबंदीच्या यादीत आहेत त्यांना बंदूक विकू नये. ऐकायला किती रास्त! जून 2016 मध्ये डेमोक्रॅट खासदार त्यासाठी सभागृहात जमिनीवर ठाण मांडून बसले. पण या यादीत नाव का आले ते सांगत नाहीत, आणि ते काढून घेण्याचा मार्गही धड नाही. नागरी हक्कांची जुनीजाणती संघटना एसीएलयू हिनेही या प्रस्तावाला विरोध केला. 2019 मध्ये एका संघीय न्यायाधीशाने संशयितांच्या मूळ यादीची पद्धत घटनाबाह्य ठरवली. 2021 मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. बंदूक मिळावी अशी माझी कोणासाठीच तळमळ नाही. पण आज बंदुकीसाठी चालणारी गुप्त यादी उद्या नोकरीसाठी, घर भाड्याने देण्यासाठी चालणार नाही, याची हमी कोण देणार?

दुसरा मुद्दा अधिक जिव्हारी लागणारा. 15 मार्च 2019, शुक्रवार, न्यूझीलंडमधले ख्राइस्टचर्च. अल नूर आणि लिनवुड या दोन मशिदींत जुम्याच्या नमाजासाठी जमलेले 51 जण मारले गेले. मारेकऱ्याकडे नोव्हेंबर 2017 मध्ये रीतसर मिळालेला शस्त्र परवाना होता. न्यूझीलंडची पद्धत अमेरिकेहून कडक. तिथे मुळात बंदूक बाळगायलाच परवाना लागतो, आणि अर्जदाराला नीट ओळखणाऱ्या माणसांच्या मुलाखती पोलीस घेतात, त्यांत एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. याची बहीण ऑस्ट्रेलियात, म्हणून तिच्याऐवजी ऑनलाइन गेम खेळताना जुळलेला एक मित्र घेतला. दुसरा साक्षीदार कोण, तर त्याच मित्राचे पालक! शाही चौकशी आयोगाने पुढे स्पष्ट म्हटले, की परवाना देताना पोलिसांनी आवश्यक ती कसोटी पाळली नाही. आयोगाने आणखी एक गोष्ट नोंदवली : देशाच्या सुरक्षा यंत्रणांचे लक्ष अवाजवी प्रमाणात इस्लामी अतिरेक्यांवरच एकवटलेले होते. तसे नसते तर हा माणूस सापडलाच असता, असे मात्र आयोग म्हणत नाही. तेही इथे सांगायला हवे. तरी चित्र पाहा. एकीकडे मशिदीत कोण येतो-जातो यावर नजर, आणि दुसरीकडे मशिदीत शिरून मारणाऱ्याच्या अर्जावर दोन ओळखीच्यांची नावे पाहून शिक्का.

ख्राइस्टचर्च सांगायचे आणि ऑर्लँडो गाळायचे, हे मला जमणार नाही. 12 जून 2016 रोजी फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात ओमर मतीन याने 49 जणांचे प्राण घेतले. तो खासगी सुरक्षा रक्षक होता आणि त्या नोकरीसाठीचा शस्त्र परवाना त्याच्याकडे होता. एफबीआयने त्याची पूर्वी चौकशी करून ती बंद केली होती. म्हणजे नाव, आडनाव, संशय, सगळे जमेस धरूनही तो सुटला. हत्याकांडानंतर त्याच्या परवान्याची कागदपत्रे काढली गेली, तेव्हा मानसिक चाचणीच्या फॉर्मवर जिचे नाव होते त्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला कधी तपासलेच नव्हते, असे उघड झाले. कंपनीने ती कारकुनी चूक म्हटली. राज्याने कंपनीला दंड केला. त्याच फ्लोरिडात 2016-17 मध्ये वर्षभराहून अधिक काळ पिस्तूल परवान्याच्या अर्जदारांची राष्ट्रीय नोंदींतली एक तपासणी झालीच नव्हती. कारण? कर्मचाऱ्याला संगणकात लॉगिन करता येत नव्हते. नंतर फेरतपासणीत 291 परवाने रद्द करावे लागले.

ख्राइस्टचर्चमध्ये आणि ऑर्लँडोत कागद पुरा होता. त्या कागदामागचा माणूस कोणी नीट पाहिला नव्हता. धर्म पाहिल्याने ही उणीव भरून निघत नाही, उलट आपण काहीतरी पाहिले असे खोटे समाधान मिळते. घरच्या माणसांशी बोलणे, जुनी मारहाणीची तक्रार शोधणे, डॉक्टरने खरोखर समोर बसवून तपासणे, ही सगळी कंटाळवाणी आणि पगारी मेहनतीची कामे आहेत. ती प्रत्येक अर्जदारासाठी सारखीच करावी लागतात.

आणि एवढे सगळे पार करून परवाना हातात आला, तरी रस्त्यावर तो कोणाच्या हातात आहे यावर त्याची किंमत ठरते. 6 जुलै 2016 रोजी मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या काळ्या तरुणाची गाडी पोलिसाने अडवली. शाळेच्या भोजनगृहात काम करणारा हा माणूस परवानाधारक होता. आपल्याजवळ पिस्तूल आहे, हे त्याने शांतपणे स्वतःहून सांगितले. काही सेकंदांत पोलिसाने त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची मैत्रीण होती, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. पुढच्या वर्षी ज्युरीने पोलिसाला निर्दोष सोडले. परवानाधारकांच्या सचोटीचे आकडे एरवी तोंडपाठ असलेल्या बंदूकवादी संघटना त्या आठवड्यात फार जपून बोलत होत्या.

ब्रुएन निकालानंतर न्यूयॉर्कने नवा कायदा केला. त्यात 18 तासांचे प्रशिक्षण आहे, अधिकाऱ्यासमोर मुलाखत आहे, अर्जदाराच्या चांगल्या चारित्र्याची ग्वाही देणारी चार माणसे आहेत. समाजमाध्यमांवरील खाती उघड करण्याची अटही होती, ती अपील न्यायालयाने रोखली. नकार दिला तर लेखी कारण द्यायचे आणि अपिलाची सोयही ठेवायची. कागदावर मला हा कायदा टेक्सासच्या आजच्या मोकळिकीपेक्षा बरा वाटतो. पण ‘चांगले चारित्र्य’ हा शब्द त्यात आहेच, आणि ते ठरवणारा अधिकारीही आहे. ब्रुकलिनमध्ये रात्री टॅक्सी चालवणारा एखादा बांगलादेशी उद्या चार साक्षीदार घेऊन जाईल. एक मशिदीचा इमाम, एक किराणा दुकानदार, दोन टॅक्सीवाले. मुलाखत घेणारा या चौघांना फोन करून काय विचारतो, आणि नकार आलाच तर त्या लेखी कारणात काय लिहितो, ते मला वाचायचे आहे.