छातीच्या फोटोतील प्रत्येक छाया क्षयाची नव्हे

पैनगंगेच्या दक्षिणतीरी, निजामी अमलापासून मराठी बोलत आलेल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या जैनद आणि बेला या कापसाच्या मुलुखात छातीच्या फोटोवर डाग दिसला, की आप्तेष्टांच्या मनात प्रथम क्षयाचे नाव येते. आणि त्या रोगाचा आपल्याकडील प्रादुर्भाव पाहता ते गैरही नाही. परंतु त्याच फोटोत क्वचित एक निराळी छाया असते: हृदयामागे, पाठीच्या कण्याला लगटून, मज्जातंतूंपासून उद्भवलेल्या गाठीची. तिची कडा गुळगुळीत, आकार वाटोळा, कधी शेजारच्या बरगड्या फाकलेल्या. समोरून काढलेल्या फोटोत ती फुप्फुसातलीच भासते, बाजूने काढलेल्यात मात्र मागे कण्यापाशी दिसते.

प्रौढांत ही गाठ बहुधा सौम्य असते आणि वर्षानुवर्षे काहीच त्रास देत नाही. बालकांत मात्र तीच न्यूरोब्लास्टोमासारखा कर्करोग असण्याचा संभव मोठा, म्हणून तेथे विलंब अक्षम्य होय. एका डोळ्याची पापणी उतरणे, त्याच बाजूची बाहुली आकुंचन पावणे, अर्ध्या चेहऱ्याला घाम न येणे, ही चिन्हे छातीच्या वरच्या टोकाशी मज्जातंतूंवर पडलेल्या दाबाची असू शकतात, हे घरच्यांच्या ध्यानी सहसा येत नाही. काही गाठी मणक्यांमधील छिद्रातून आत शिरून डंबेलचा आकार घेतात. एमआरआय न करता अशा गाठीला हात घातला, तर मज्जारज्जूला इजा होऊन पाय कायमचे लुळे पडण्याचे भय असते. छातीचा आणि मज्जासंस्थेचा असे दोन्ही शल्यविशारद तेथे एकत्र हवेत.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की केवळ छाया पाहून क्षयाची सहा महिन्यांची औषधे सुरू करण्याचा प्रघात बंद झाला पाहिजे. आधी थुंकीची तपासणी व्हावी. तीत जंतू न सापडल्यास आणि छाया कण्यालगत वाटोळी असल्यास बाजूचा फोटो व सीटी स्कॅन व्हावे. २००८ पासून आदिलाबादेत रिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे; तेथील डॉक्टरांनी अशा रोग्यास हैदराबादेस वा नागपुरास धाडताना शिफारसपत्रात गाठीचा संशय स्वच्छ शब्दांत नोंदवावा, म्हणजे दप्तरोदप्तरी नव्याने आरंभ करावा लागणार नाही. आणि वाचकहो, छातीचा जुना फोटो रद्दीत घालू नका. गाठ वाढते आहे की जशीच्या तशी आहे, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते.