खिडकीच्या काचेवरचे नाव

मुलांनो, 'जुने ते सोने' असे म्हणणारी वडीलधारी माणसे तुम्हांला घरोघर भेटत असतील. आणि 'जुने ते टाकाऊ' असे म्हणणारे सोबती शाळेत भेटत असतील. मी अनेक वर्षे मराठी शिकविले आणि दोन्ही पक्षांचे वाद पुष्कळ ऐकले. सराफ सोने कसोटीच्या दगडावर घासून पाहतो. केवळ रंगावरून भाव ठरवीत नाही. आपणही तसेच का करू नये? आज आपण जुने रहस्यपट कसोटीला लावून पाहू. ते आजच्या प्रेक्षकांना धरून ठेवू शकतात काय, हा आपला प्रश्न आहे.

हा प्रश्न माझ्यापुढे कसा उभा राहिला ते आधी सांगतो. एका दिवाळीच्या सुटीत माझी नात आणि नातू आमच्याकडे राहावयास आली होती. नात बारा वर्षांची, नातू अकरा वर्षांचा. एके रात्री जेवणे झाल्यावर दोघांनी हट्ट धरला, "आजोबा, एखादा श्वास रोखायला लावणारा चित्रपट दाखवा." मला आनंद झाला. महाविद्यालयात असताना पाहिलेला आणि तेव्हापासून मनात घर करून राहिलेला एक इंग्रजी चित्रपट मी लावला. त्याचे नाव 'द लेडी व्हॅनिशेस', म्हणजे 'एक बाई नाहीशी होते'. तो १९३८ साली इंग्लंडमध्ये निघाला. त्याचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक. १८९९ साली लंडनमध्ये जन्मलेल्या आणि १९८० साली निधन पावलेल्या या गृहस्थांनी आपले बहुतेक आयुष्य प्रेक्षकांचा जीव टांगणीला लावण्यात घालविले.

चित्रपट सुरू झाला. पडद्यावर बर्फाने झाकलेले एक लहानसे रेल्वे स्थानक दिसू लागले. घरे, रूळ, एक धावती मोटार. तोच नातू खदखदून हसला. "आजोबा, ही तर खेळण्यातली मोटार! अन् ती माणसे बघा, हलतसुद्धा नाहीत!"

तो म्हणत होता ते खरेच होते. ते गाव म्हणजे एक छोटी प्रतिकृती होती. हा चित्रपट लंडनमधील इस्लिंग्टन येथल्या एका लहान स्टुडिओत, थोड्या जागेत आणि बेताच्या साधनांनी तयार झाला. मी साठी ओलांडलेला मनुष्य. तरी त्या हसण्याने मनातून थोडा दुखावलो. थोड्या वेळाने नातही म्हणाली, "आजोबा, गाडी सुटणार तरी केव्हा?" तेव्हा तर मला शंका येऊ लागली. मला आवडला होता तो हा चित्रपट, की आवडले होते ते माझे गेलेले तारुण्य? आपल्याला प्रिय असलेली प्रत्येक वस्तू थोर असते, असे मानण्याची चूक म्हातारी माणसे फार वेळा करतात.

नव्या पिढीची तक्रार काय आहे, ती नीट मांडली पाहिजे. विरुद्ध पक्षाचे म्हणणे त्याच्याइतक्याच चांगल्या रीतीने मांडता आले, तरच आपल्याला वाद करण्याचा अधिकार पोहोचतो. तक्रारी मुख्यतः चार आहेत. जुने चित्रपट संथ असतात. त्यांतील करामती खोट्या दिसतात. त्यांची रहस्ये पुढे असंख्य चित्रपटांनी उचलल्यामुळे ती आधीच ओळखता येतात. आणि चौथी तक्रार अशी, की त्यांतील पात्रांजवळ एक साधा मोबाइल असता, तर रहस्य दहा मिनिटांत संपले असते. या चारही तक्रारी पोरकट नाहीत.

आता कथेकडे वळू. एका कल्पित देशात बर्फाच्या कड्यामुळे आगगाडी अडकून पडते आणि सर्व उतारूंना एका खानावळीत रात्र काढावी लागते. दुसऱ्या दिवशी गाडी सुटण्याच्या वेळी आयरिस नावाच्या इंग्रज तरुणीच्या डोक्यावर वरून फुलझाडाची कुंडी पडते. ती भोवंडून जाते. मिस फ्रॉय नावाची एक प्रेमळ वृद्ध शिक्षिका तिला सांभाळून डब्यात बसविते, भोजनाच्या डब्यात नेऊन चहा पाजते. गाडीच्या खडखडाटात वृद्धेचे नाव आयरिसला नीट ऐकू येत नाही. म्हणून ती वृद्धा खिडकीच्या धुरकट काचेवर बोटाने आपले नाव लिहून दाखविते. मग आयरिसला डुलकी लागते. जाग येते तो समोरची जागा रिकामी! ती विचारते, "त्या बाई कुठे गेल्या?" डब्यातील उतारू उत्तर देतात, "कोणत्या बाई? येथे कोणीच नव्हते."

येथे माझा नातू सरळ होऊन बसला.

आयरिस साऱ्या गाडीत फिरते, प्रत्येकाला विचारते. सगळे नाही म्हणतात. एक डॉक्टर तर तिला गोड शब्दांत समजावितो, की डोक्याला मार बसल्यामुळे तुला भास होत आहेत. पुढे त्या वृद्धेच्याच पोशाखात दुसरीच बाई आणून बसविली जाते. आयरिस स्वतःवरच संशय घेऊ लागते. तेवढ्यात भोजनाच्या डब्यात तिची दृष्टी खिडकीकडे जाते. काचेवर ते नाव तसेच आहे! ती इतरांना दाखवू पाहते, तोच गाडी बोगद्यात शिरते. गाडी बाहेर येते तेव्हा काच कोरी असते.

"अरे!" दोन्ही मुले एकदम ओरडली. खेळण्यातली मोटार कोणाच्याही ध्यानात उरली नव्हती.

याचे कारण काय असावे? हिचकॉक यांनी स्वतःच त्याचे मर्म सांगून ठेवले आहे. फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाने १९६२ साली त्यांची प्रदीर्घ मुलाखत घेतली आणि १९६६ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या मुलाखतीत ते एक दृष्टान्त देतात. काही माणसे मेजाभोवती गप्पा मारीत बसली आहेत आणि अचानक मेजाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतात, पण ते काही क्षणच. आता समजा, बॉम्ब ठेवताना प्रेक्षकांनी पाहिले आहे आणि तो केव्हा फुटणार हेही त्यांना ठाऊक आहे. मग त्याच नीरस गप्पा ऐकताना प्रेक्षकांचा जीव खालीवर होतो. 'उठा, पळा!' असे ओरडून सांगावेसे वाटते. पहिला प्रकार धक्क्याचा, दुसरा उत्कंठेचा. धक्का माहीत नसलेल्या गोष्टीतून बसतो. उत्कंठा मात्र माहीत असलेल्या गोष्टीतून वाढते.

एवढे समजले, म्हणजे तिसऱ्या तक्रारीचे उत्तर आपोआप मिळते. रहस्य आधी कळले तर गोडी जाते, हे धक्क्याबाबत खरे आहे, उत्कंठेबाबत नाही. याचा पुरावा आपल्या मराठी मुलुखातच आहे. शाहीर डफावर थाप मारून अफजलखानाच्या वधाचा पोवाडा गाऊ लागतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी काय घडले, हे पुढे बसलेल्या लहान पोरालाही ठाऊक असते. महाराज सुखरूप परत येणार, हेही ठाऊक असते. तरी शामियान्यातील भेटीचा प्रसंग आला, की सारी सभा श्वास रोखून बसते. कथेचा शेवट ठाऊक असणे हा तेथे अडथळा होत नाही.

बंगाली दिग्दर्शक सत्यजित राय यांनीही हेच तत्त्व ओळखले होते. त्यांनी स्वतःच्याच कादंबरीवरून १९७४ साली 'सोनार केल्ला' हा मुलांनाही आवडेल असा चित्रपट काढला. त्यात दुष्ट माणसे कोण, हे गुप्तहेर फेलूदाला कळण्यापूर्वीच आपल्याला कळते. आपण अपराध्याचा शोध घेत बसत नाही. फेलूदा वेळेवर पोहोचेल काय, या काळजीने पुढे सरकत राहतो.

आता संथपणाची तक्रार. 'द लेडी व्हॅनिशेस' मधील गाडी सुटावयास वीस-पंचवीस मिनिटे लागतात, हे मला मान्य आहे. परंतु त्या वेळात काय घडते ते पाहा. आपल्याला एकेक उतारू ओळखीचा होतो. त्यांत दोन इंग्रज गृहस्थ आहेत. त्यांना मायदेशी चालू असलेल्या क्रिकेटच्या सामन्यावाचून दुसरे काही सुचत नाही. एक वकील आहे; आपल्या लौकिकाला बट्टा लागू नये, ही त्याची एकच चिंता. पुढे हीच माणसे 'आम्ही त्या बाईंना पाहिले नाही' असे सांगतात. क्रिकेटवाल्यांना भीती अशी, की चौकशीसाठी गाडी थांबली तर सामना चुकेल. वकिलाला भीती अशी, की चौकशीत आपले नाव गोवले जाईल. ही माणसे दुष्ट नाहीत. ती केवळ स्वतःची सोय पाहतात. आणि त्यांच्या सोयीखातर एक निरपराध वृद्धा जगातून पुसली जात असते. पहिली पंचवीस मिनिटे कापून टाकली, तर हे खोटे बोलणे आपल्याला कळेल. त्यामागचे मन कळणार नाही. तेव्हा संथपणा दोन प्रकारचा असतो, असे मी म्हणेन. एक आळशाचा आणि दुसरा पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याचा.

राहिला मोबाइल. आयरिसजवळ तो असता, तर तिने चहा पितानाच मिस फ्रॉयबाईंचे छायाचित्र काढले असते, हे खरे. पण मुलांनो, आज यंत्राच्या साहाय्याने हुबेहूब खोटी छायाचित्रे तयार करता येतात. तोच डॉक्टर आज गोड हसून म्हणाला असता, "बाळ, हे चित्र बनावट आहे." आपण खरे बोलत असता कोणीच विश्वास ठेवू नये, ही भीती कोणत्याही यंत्राने नाहीशी केलेली नाही.

हिचकॉक यांच्याच १९५४ सालच्या 'रिअर विंडो' या चित्रपटाचे उदाहरण याहून बोलके आहे. पाय मोडल्यामुळे चाकांच्या खुर्चीत अडकून पडलेला एक छायाचित्रकार वेळ घालविण्यासाठी समोरच्या घरांच्या खिडक्यांकडे पाहत बसतो आणि तेथे काही भयंकर घडले असावे, असा त्याला संशय येतो. त्याची परिचारिका त्याला खडसावते, की लोकांच्या घरात डोकावणे वाईट. तिचे म्हणणे योग्य आहे. पण तो पाहत नसता, तर अपराध कोणाच्या ध्यानी आला असता काय? आज खिशाखिशात कॅमेरा असताना, दुसऱ्याच्या आयुष्यात किती डोकवावे, हा प्रश्न १९५४ पेक्षा कितीतरी मोठा झाला आहे.

याचा अर्थ सगळे जुने रहस्यपट टिकले आहेत, असा नव्हे. दुसऱ्या रात्री मी मोठ्या हौसेने माझ्या आवडीचा आणखी एक जुना चित्रपट मुलांना दाखविला. त्यात करकरणारी दारे होती, विझणाऱ्या मेणबत्त्या होत्या, विजांचा कडकडाट होता. परंतु ज्याच्यासाठी जीव तुटावा असे एकही माणूस नव्हते. अर्ध्या तासात दोघेही झोपी गेली. खरे सांगायचे, तर मलाही डुलकी लागली. ज्या चित्रपटाचा सारा भार करामतीवर असतो, तो करामत जुनी होताच कोसळतो. करामती दर दहा वर्षांनी जुन्या होतात. भय, लोभ, भित्रेपणा, माया आणि धैर्य मात्र जुनी होत नाहीत. कथा यांवर उभी असेल, तर खेळण्यातली मोटारही तिला पाडू शकत नाही. माझ्या मते कसोटीचा दगड हाच. त्यावर घासल्यावर काही जुने रहस्यपट पितळ ठरतात आणि काही अस्सल सोने. आजच्या नव्या चित्रपटांनाही पुढची पिढी हाच दगड लावील.

मिस फ्रॉयबाई सापडतात की नाही, हे मी तुम्हांला सांगणार नाही. ते तुम्हीच पाहा. एवढे मात्र सांगतो, की ज्या सामन्यासाठी त्या दोन गृहस्थांनी सत्य दडपले, तो सामना पुरामुळे रद्द झाल्याचे त्यांना लंडनला पोहोचल्यावर कळते. हा चित्रपट निघाला, तेव्हा युरोपवर युद्धाचे ढग जमत होते. 'आपल्याला काय त्याचे?' असे म्हणणारी माणसे तेव्हा पुष्कळ होती. पुढच्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले.

त्या पहिल्या रात्री दिवा मालवल्यावर नातू बराच वेळ कूस बदलीत होता. मग अंधारातून त्याचा आवाज आला, "आजोबा, मला एक गोष्ट ठाऊक होती. मी बोललो नाही, म्हणून वर्गात दुसऱ्याच मुलाला शिक्षा झाली. मी खोटे काहीच बोललो नाही. तरी मी त्या क्रिकेटवाल्यांसारखाच झालो का?"

मी म्हणालो, "तुला काय वाटते?"

त्याने उत्तर दिले नाही. सुटी संपल्यावर शाळेत जाऊन त्याने काय केले, ते मी आजपर्यंत विचारलेले नाही. परंतु त्या प्रश्नाने माझी शंका फिटली. आपल्या आजोबांच्याही जन्मापूर्वी निघालेल्या, काळ्यापांढऱ्या, खेळण्यातल्या मोटारीच्या चित्रपटाने एका अकरा वर्षांच्या मुलाची झोप उडविली होती. आणि ती भुताच्या भीतीने नव्हे.