विलीनीकरण आधी, ज्येष्ठता मागाहून

पिंजौर : चंदीगडहून कालक्याकडे जाताना लागणारे हे गाव यादवेंद्र उद्यान आणि एचएमटीचा कारखाना यांसाठी परिचित आहे. येथील छोट्या धावपट्टीवर हरियाणा सरकारच्या संस्थेत वैमानिकही घडतात. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण पूर्ण करणाऱ्या या तरुणांचे पुढील भवितव्य बऱ्याच अंशी ज्येष्ठतेच्या यादीवर अवलंबून राहणार आहे. दोन विमान कंपन्या एकत्र आल्या तर ही यादी कशी जुळवावी, याविषयी मात्र आपला कायदा जवळपास मौन बाळगून आहे.

वैमानिकाच्या सेवेत ज्येष्ठता हा केवळ मानाचा प्रश्न नसतो. सहवैमानिकाचा कमांडर केव्हा होणार, लहान विमानावरून मोठ्या विमानावर केव्हा जाणार, आणि पर्यायाने वेतन किती मिळणार, हे सारे त्या क्रमाशी निगडित असते. म्हणूनच विलीनीकरणात वेतन आणि ज्येष्ठता हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत.

एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचा अनुभव याचा पुरावा आहे. १९५३ च्या कायद्याने या दोन संस्था स्वतंत्रपणे उभ्या राहिल्या. एकीची विमाने, मार्ग, वेतनाची रचना आणि बढतीचा वेग दुसरीहून भिन्न होता. प्रफुल्ल पटेल हवाई वाहतूकमंत्री असताना मार्च २००७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने विलीनीकरणास मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवी कंपनी अस्तित्वात आली. तत्पूर्वीच दोघींनी मिळून १११ विमानांची मागणी नोंदविली होती. विलीनीकरणाचा विचार या खरेदीपूर्वी व्हावयास हवा होता, असा ठपका महालेखापरीक्षकांनी सप्टेंबर २०११ च्या अहवालात ठेवला. कंपनी कागदावर एक झाली, मनुष्यबळ दुभंगलेलेच राहिले.

परिणाम व्हायचा तोच झाला. एप्रिल २०११ च्या अखेरीस पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. त्यानंतर सरकारने न्या. धर्माधिकारी समिती नेमली. तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. मे २०१२ मध्ये मूळच्या एअर इंडियाच्या वैमानिकांची पाळी आली. नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या गटालाही मिळाल्याने आपली बढती लांबेल, हा त्यांचा आक्षेप होता. हा संप ५८ दिवस चालला. शंभराहून अधिक वैमानिक बडतर्फ झाले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या मध्यस्थीनंतरच तो मिटला.

सुमारे ३०,००० कोटी रुपयांच्या सरकारी भांडवलाची हमी त्याच वर्षी मिळालेल्या कंपनीत इतका दीर्घ संप समर्थनीय नव्हता. प्रवाशांचे हाल झाले आणि त्यांची सहानुभूती संपकऱ्यांनी गमावली, हेही खरे. परंतु दोन्ही गटांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. एकाला आपले वेतन कमी वाटत होते, दुसऱ्याला आपली रांग मोडली जात असल्याचे दिसत होते. निर्णय घेणाऱ्यांनी विलीनीकरणाच्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवले नाही, हा मूळ दोष होय.

असे उत्तर देणे अशक्य नसते, हे मराठी अधिकारीवर्गाला सांगण्याची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशातून विदर्भाचे आणि हैदराबादेतून मराठवाड्याचे कर्मचारी मुंबई राज्यात आले. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ ने त्यांच्या सेवाशर्तींना संरक्षण दिले आणि सल्लागार समित्यांची तरतूद केली. पदांची बरोबरी ठरविताना कामाचे स्वरूप, अधिकार, किमान पात्रता आणि वेतन हे चार निकष लावावेत, असे ठरले. तरीही तंटे उद्भवलेच. विक्रीकर खात्यातील एक वाद सर्वोच्च न्यायालयात १९८१ साली निकाली निघाला. मात्र भांडण कोणत्या कसोटीवर सोडवायचे, हे तरी ठाऊक होते.

अमेरिकेने हा धडा किंमत मोजून घेतला. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए घेतली, तेव्हा तेथील हवाई सेविकांना यादीच्या तळाशी टाकण्यात आले. त्या असंतोषातून डिसेंबर २००७ मध्ये कायदा झाला. त्यानुसार विलीन होणाऱ्या कंपन्यांतील ज्येष्ठता न्याय्य रीतीने एकत्र करावी लागते आणि एकमत न झाल्यास लवादाकडे जाता येते.

आपल्याकडे प्रश्न मिटलेला नाही. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली. त्याआधी, २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये, वेतनाची हमी मासिक ७० तासांवरून ४० तासांवर आणणाऱ्या नव्या करारावरून विस्ताराच्या वैमानिकांत असंतोष पसरला, अनेक उड्डाणे रद्द झाली आणि मंत्रालयाला कंपनीकडे खुलासा मागावा लागला. मालक बदलला तरी दुखणे तेच राहिले.

खासगी कंपनीच्या अंतर्गत व्यवहारात सरकारने पडू नये, हा युक्तिवाद अपेक्षित आहे. पण यादी सरकारने करावी, असे येथे कोणी म्हणत नाही. स्पर्धा आयोग बाजारपेठेचा आणि कंपनी न्यायाधिकरण भागधारक व धनको यांच्या हिताचा विचार करून विलीनीकरणास मान्यता देतात. त्याच टप्प्यावर ज्येष्ठतेची तत्त्वे आणि लवादाची व्यवस्था सादर करणे बंधनकारक करता येईल. १९३४ च्या विमान कायद्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम २०२४ मध्ये संसदेने संमत केला. त्या चर्चेत ही संधी होती, ती गेली. पुढील विलीनीकरण होण्यापूर्वी संसदेने ही उणीव भरून काढली नाही, तर तिचे मोल पुन्हा विमानतळावर ताटकळणारे प्रवासीच मोजतील.