मढवलेल्या शस्त्राची शिस्त
कोल्हापूर परिसरात जपलेल्या मर्दानी खेळांच्या, म्हणजे लाठी, दांडपट्टा, तलवार व भाला यांच्या पारंपरिक युद्धविद्येच्या जगात मढवलेले शस्त्र नवे नाही; फरी-गदका या प्रकारात फरी म्हणजे छोटी ढाल आणि गदका म्हणजे कातड्याने मढवलेली छडी घेऊन लढतात, तर बोथाटी या घोडेस्वारांच्या खेळात भाल्याच्या टोकाला रंगात भिजवलेल्या कापडाने मढवलेला गोळा असल्याने वार लागल्याची खूण जखमेऐवजी डागाने पटते. मढवणीमुळे आघात अधिक पृष्ठभागावर पसरतो आणि त्याचा कालावधी वाढून जोर कमी होतो. मात्र झिजलेल्या आवरणातून आतला कठीण गाभा टोकाशी उघडा पडला, तर तेच शस्त्र डोळ्याला घातक ठरते. म्हणूनच फोम, म्हणजे स्पंजासारखा मऊ पदार्थ, गुंडाळलेल्या शस्त्रांच्या आधुनिक खेळांत भोसकण्याचे टोक डोळ्याच्या खोबणीत न शिरण्याइतके रुंद असावे आणि प्रत्येक शस्त्र लढतीपूर्वी तपासावे, असे नियम सर्वसाधारणपणे आढळतात. तालमी व आखाड्यांनीही ही तपासणी, तसेच डोके व मान वर्ज्य ठेवण्याची अट, लेखी स्वरूपात स्वीकारावी; कारण शिकणाऱ्याचे शरीर सुरक्षित राहिले, तरच ही विद्या पुढच्या पिढीच्या हाती जाईल.